लक्ष्मीपसाव

इतिहास विभागाचा वार्षिक अहवाल
फळ्यावर लावायचं काम माझं.
पितळी टाचण्या द्या, म्हणून दोनदा अर्ज केला,
लोखंडी आल्या.
भाट्याच्या खाडीवरचा वारा आठ दिवसांत गंज चढवतो
आणि प्रत्येकाच्या यशाला चारी कोपऱ्यांवर
तपकिरी ठिपके पडतात.

यंदा ठिपके जास्त पडणार.

आडविलकर बाई लिस्बनला निबंध वाचून आल्या.
आम्हाला वाटलं, चॉकलेटं आणतील.
बॅगेतून निघाल्या तीनशे पानांच्या नकला,
मिरीच्या, घोड्यांच्या, कुठल्याशा बुडालेल्या जहाजाच्या.
बाईंचा घसा बसलेला, तिकडच्या थंडीनं.
"मामा, हे कोरड्या कपाटात," एवढंच म्हणाल्या.
कोरडं कपाट! रत्नागिरीत!

दिगंबर गोताड सेट पास झाला, चौथ्या खेपेला.
रिक्षाच्या आरशाशेजारी चिकटवलेली सनावळी
अजून काढलेली नाही त्यानं.
गिऱ्हाईक विचारतं, हे कसले आकडे?
तो म्हणतो, मटक्याचे.

आणि रुकय्या सोलकर,
परिषदेत विद्यार्थी गटात पहिली.
विषय: पूर्णगड बंदराची जकातीची वही.
अहवालात एक ओळ.

ती वही मी सात वर्षं उन्हात घालतोय.
मार्च लागला की गच्चीवर,
आंब्याच्या रिकाम्या पेटीवर ठेवून,
कसर झटकत, पानं उलटत.
वाचता येत नव्हतं.
मोडी म्हणजे मला मुंग्यांची रांग,
कुठे निघालीय ते न सांगणारी.

एका दुपारी रुकय्या अडली.
गलबताचं नाव लागेना. पशवा? पासू? पसवी?
बाईही चष्मा कपाळावर चढवून बसल्या.
मी चहाचे कप गोळा करत होतो.
ते राहू दे, पुढचं वाच, बाई म्हणाल्या.
"तांडेल गोमा बिन बाळा, खारवी, मौजे डोर्ले..."

कप हातात तसेच राहिले.

पसाव, मी म्हटलं. लक्ष्मीपसाव.
देवीनं दिलं ते पसाव.
आमच्या होडीवर आहे अजून.

मग तिनं खालची ओळ वाचली, हळू,
जशी काही चूक तिच्याच घरची:
"नारळ दोनशे चाळीस, पैकी साठ
सुक्या मासळीखाली दडविले. सबब दंड सव्वा रुपया."

कुणी हसलं नाही.
म्हणून मीच हसलो.
इतक्या पिढ्यांत आमच्या घराचा
पहिला लेखी पुरावा, तोही चोरीचा!
झेरॉक्स काढून घेतली. दोन रुपये.
दंडापेक्षा महाग पडली.

अहवालात जागृती रहाटेचं नाव नाही.
तिला मोडी वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं.
वहीची पहिली चाळीस पानं तिनं लावलेली.
डिसेंबरात लग्न झालं, देवरुखला गेली,
प्रवेश रद्द.
रुकय्यानं बक्षिसाचा फोटो पाठवला तिला.
तीन दिवसांनी उत्तर आलं:
सतराव्या पानावर माझी एक चूक आहे.
"तर" नाही ते, "तट" आहे. सुधार.

मी बाईंना म्हटलं, एक ओळ वाढवू या का?
बाई म्हणाल्या, रकाना नाही.
मग थोड्या वेळानं स्वतःच उठल्या,
छापील कागदाखाली पेनानं काहीतरी लिहिलं.
मी टाचणी तिथं मारली नाही.
अक्षरावर गंज नको.

काल भावाचा फोन आला.
नारळी पुनव जवळ आली, होडी रंगवायला काढलीय,
पेंटर म्हणतोय, "पसाव" चुकीचं आहे,
"प्रसाद" लिहितो, शुद्ध दिसेल.

म्हटलं, त्याला सांग, ब्रश खाली ठेव.
"का?"

आता याला काय सांगू?
परिषद सांगू? बाईंचा चष्मा?
गोमा तांडेलाचे साठ नारळ?

म्हटलं, सरकारी दप्तरात तसंच आहे.

ते पटलं त्याला.